हजेरी

"कोणते काळे?"

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याचं उत्तर विचार न करता तोंडातून बाहेर पडतं. लग्नाच्या पंगतीत, एसटीत शेजारी बसलेल्या बाईकडून, बदलीच्या नव्या गावी भाड्याची खोली बघताना. विचारणारा बहुतेक वेळा चांगलाच माणूस असतो. पुढं आलेलं माणूस कुठल्या फळीवर ठेवायचं, तेवढं त्याला हवं असतं. काळे ब्राह्मणांत आहेत, मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत. आणि नगर, बीड, सोलापूर, धाराशिवकडच्या फासेपारध्यांतही आहेत, जसे त्यांच्यात भोसले आहेत, पवार, चव्हाण आहेत. आमच्या भागात 'कोणते काळे' विचारताना मनात हे शेवटचेच असतात. "ते" नाहीत ना, एवढी खात्री करून घ्यायची असते.

आमच्या घरी उत्तर ठरलेलं होतं. वडील म्हणायचे, "पाटलाचे काळे." दोन शब्दांत काम व्हायचं. समोरच्याचा चेहरा सैल व्हायचा, खुर्ची पुढं यायची, चहा यायचा. मीही तेच शिकले. लग्नानंतर मी आडनाव बदललं नाही. त्या काळी त्यावरून सासरी बरंच बोलणं झालं, पण मी हटले नाही. माझं नाव म्हणजे मी, असं मला मनापासून वाटायचं आणि आजही वाटतं. त्याच नावानं दुसरं कुणी जगत असेल, आणि माझ्या प्रत्येक उत्तरानं मी त्याला दारातून बाहेर लोटत असेन, हे मात्र चाळिशी येईपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

2010 चा जून. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिलला लागू झाला होता. सहा ते चौदा वयाचं मूल शाळेबाहेर राहता कामा नये. जन्माचा दाखला नाही म्हणून परत पाठवायचं नाही. नऊ वर्षांचं मूल पहिल्यांदाच शाळेची पायरी चढत असलं तरी त्याला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं. मी तेव्हा नगर जिल्ह्याच्या दक्षिणेला, भीमेच्या अंगाला, जिल्हा परिषदेच्या एका शाळेत चौथीला शिकवत होते. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, माझ्या तोंडी अजून नगरच येतं.) आम्हा शिक्षकांना शाळाबाह्य मुलं शोधायला पाठवलं. कॅनॉलच्या पलीकडं, गायरानात, बाभळींच्या आडोशाला पाच-सहा पालं होती. कामट्यांवर टाकलेल्या जुन्या साड्या, वर निळं प्लास्टिक. माझ्याबरोबर आलेले गुरुजी रस्त्यावर मोटरसायकलपाशीच थांबले. "तुम्ही या जाऊन," म्हणाले. त्यांना दोष देत नाही. माझेही पाय जड झालेच होते.

पालापुढं एक मुलगी दगडावर बसून करवंटीत माती कालवत होती. तिच्या बापाला मी नाव विचारलं, त्यानं सांगितलं. मुलीचं वय त्यानं अंदाजानं सांगितलं, "मोठ्या दुष्काळाच्या आधीची." मी नऊ लिहिलं.

"आडनाव?"

"काळे."

माझं पेन थांबलं. क्षणभरच. पण तो क्षण मला नीट आठवतो, कारण त्याच वेळी मी मागं वळून रस्त्यावरच्या गुरुजींकडं बघितलं होतं. त्यांना ऐकू गेलं का, ते बघायला.

बाप तयार होता. तयार नव्हती ती आजी. पालाच्या तोंडाशी बसलेली, सत्तरीच्या पुढची, हातात तंबाखूची चंची. तिनं माझ्याकडचा कागद बघितला आणि म्हणाली, "साळंत न्या बाय. बसवा, शिकवा. पर हजेरीत नाव घालू नगा."

मला वाटलं, शिष्यवृत्ती, उपस्थिती भत्ता असलं काहीतरी तिच्या मनात असेल. मी समजावायला लागले, की हजेरीत नाव असलं तर खिचडी मिळेल, पुस्तकं मिळतील, कपडे मिळतील. ती मान हलवत राहिली.

"हजेरीत गेल्यालं नाव निघत न्हाई. माझ्या बापाचं मरस्तवर निघालं न्हाई."

मी जन्मभर हजेरी घेत आले आहे. सकाळची प्रार्थना झाली की मस्टर उघडायचं, नावं वाचायची, खुणा करायच्या. त्या शब्दाला दुसरी बाजू असेल असं कधी वाटलंच नव्हतं. आजीनं जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यानं, आणि एका दिवसात नाही. पुढं वर्षभर मी जात राहिले तेव्हा. दिवस मावळला की बापाला चावडीत जाऊन उभं राहावं लागे. पाटील नाव पुकारी, बाप ओ देई. परगावी जायचं तर दाखला घ्यायचा, तिथं पोचलं की तिथल्या पाटलाला तो दाखवायचा. उशीर झाला की मार, नाहीतर तुरुंग. एकदा आईला कळा लागल्या होत्या आणि बाप सुईण आणायला शेजारच्या गावी गेला. परत यायला रात्र झाली. मूल जन्मलं तेव्हा बाप कोठडीत होता. ते मूल म्हणजे तिचा धाकटा भाऊ.

घरी आल्यावर मी वाचत गेले. इंग्रज सरकारनं 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यामागचा विचार असा, की सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकऱ्याचा विणकर, तसा या लोकांचा धंदाच गुन्हा, तो बापाकडून मुलाकडे जाणार. आधी उत्तरेत लागू झालेला हा कायदा 1911 नंतर आपल्या मुंबई इलाख्यातही आला. कुणी काही केलेलं असो वा नसो, ठरवून दिलेल्या जमातीत जन्मलेल्या माणसाचं नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे घ्यायचे, हजेरी लावायची. काहींना कुटुंबासकट तारेच्या कुंपणात ठेवायचं. सोलापुरात असं कुंपण होतं, आतली माणसं गिरणीत कामाला जायची आणि परत आत यायची. तो भाग आजही 'सेटलमेंट' म्हणूनच ओळखला जातो. मी डी.एड.च्या आधी सोलापुरात दोन वर्षं राहिले, त्या नावाच्या रिक्षात बसले, आणि एकदाही कुणाला विचारलं नाही की सेटलमेंट म्हणजे काय.

कायदा गेला 31 ऑगस्ट 1952 ला. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. मी शाळेत दरवर्षी 15 ऑगस्टचं भाषण लिहून देते. या दुसऱ्या तारखेबद्दल मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही कुणाला शिकवलं नव्हतं.

कोल्हापूरचं मात्र वाचून बरं वाटलं. शाहू महाराजांनी 1918 सालीच संस्थानातली ही हजेरी बंद केली होती. ज्या फासेपारध्यांना बाकीचा मुलूख चोर म्हणत होता, त्यांना त्यांनी पहाऱ्यावर नेमलं. एका राजाला जे सुचलं ते बाकीच्यांना का सुचू नये, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत राहिला.

आणखी एक गोष्ट. पारध म्हणजे शिकार. राजा पारधीला गेला, हे आपण गोष्टींत कौतुकानं वाचतो. ज्यांचा पोटापाण्याचा धंदाच पारध होता, केसांचे फास लावून तितर, लावे धरणं, ससे धरणं, त्यांच्यावर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती दारंही बंद झाली. कायदा गरजेचा होता, यात मला शंका नाही. आमच्या माळावरचे काळवीट त्यानंच वाचले. पण फास काढून घेतला तेव्हा हातात दुसरं काय दिलं? जमीन नाही, जनावर नाही, गावात घर बांधायला जागा नाही. एकदा जन्मानं गुन्हेगार, नंतर पोटासाठी गुन्हेगार.

मी हे सगळं वाचत होते, आणि त्याच दिवसांत शाळेत काय करत होते ते आता सांगते.

मुलगी जूनच्या शेवटी शाळेत आली. आजीशी एक समझोता झाला होता. नाव मस्टरमध्ये घालायचं, पण पुकारायचं नाही. चोवीस नंबरला मी वाचता वाचता थांबायची, मान वर करायची. ती माझ्याकडं बघायची. मी खूण करायची आणि पंचविसावं नाव वाचायची. वर्गाला त्याची सवय झाली. पण वहीवर आडनाव होतं, आणि चौथीतल्या मुलांना वाचता येतं. एका पोरानं मधल्या सुट्टीत विचारलं, "बाई, ही तुमच्या पावण्यातली का?"

ती दोन हातांच्या अंतरावर बसली होती. ताटली धुऊन आणली होती, तिच्यातलं पाणी झटकत होती.

मी म्हणाले, "नाही रे. आमचं वेगळं आहे."

इतकंच. आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. मी वाईट बोलले असं त्या मुलालाही वाटलं नसेल. पण तिचा ताटली झटकणारा हात थांबला, आणि मग पुन्हा सुरू झाला. ते थांबणं मला ओळखीचं होतं. माझं पेन असंच थांबलं होतं, पालापुढं.

दुसरी गोष्ट याहून लहान आहे आणि मला ती सांगायला जास्त जड जाते. माझी पर्स वर्षानुवर्षं खुर्चीच्या पाठीला अडकवलेली असायची. मुलं आजूबाजूला खेळायची, कधी कुणी हात लावला नाही. ती मुलगी आली त्या आठवड्यात पर्स कपाटात गेली. मी तसं ठरवलं नव्हतं. कुणी सांगितलंही नव्हतं. कपाटाला कुलूप होतंच, हात आपोआप तिकडं गेला. किती दिवसांनी माझ्या ध्यानात आलं कोण जाणे, बहुतेक दिवाळीच्या आसपास. आल्यावरही मी पर्स पुन्हा खुर्चीला अडकवली नाही. आता अडकवली तर काहीतरी कबूल केल्यासारखं होईल, असं वाटलं.

जानेवारीत मी तिला म्हणाले, "कपाटातून खडूचा खोका आण गं," आणि किल्ली पुढं केली. ती जागची हलली नाही. "कपाट तुमीच उघडा बाई." मला वाटलं, घाबरली. नंतर आजीला विचारलं तर ती म्हणाली, पोरांना आम्ही तेच शिकवतो. दुसऱ्याच्या पेटीला, कपाटाला हात लावायचा नाही. वाटेत पडलेलं काही उचलायचं नाही, सोन्याचं असलं तरी. दुकानात हात पाठीमागं बांधून उभं राहायचं. आम्ही मुलांना शिकवतो, सापडलेली वस्तू बाईंकडं आणून द्या, शाबासकी मिळेल. तिनं आणून दिली असती तर पहिला प्रश्न आला असता, तुझ्या हातात कशी आली?

इथं मला कुणी देवमाणसं रंगवायची नाहीत. आमच्या गावात एका घरावर दरोडा पडला होता, म्हातारीच्या कानातले ओरबाडले होते, आणि पकडलेल्यांत पारधी होते. माझी आई त्यानंतर कित्येक महिने उशाशी कोयता घेऊन निजायची. तिची भीती खरी होती. त्यांच्या जातपंचायतीचे जुने निवाडेही मला सहन होत नाहीत, उकळत्या तेलातून नाणं काढायला लावणारे. पण दरोडा घालणारे चार जण होते, आणि त्या रात्रीनंतर उठवली गेली ती सगळी पालं. आमच्या तालुक्यात पतसंस्था बुडवून पळालेली माणसंही मी बघितली आहेत. त्यांनी शेकडो म्हाताऱ्यांच्या ठेवी खाल्ल्या. त्यांची जात बातमीच्या मथळ्यात आली नाही. त्यांच्या भावकीतल्या कुणाला दुकानात हात मागं बांधून उभं राहावं लागलं नाही.

फेब्रुवारीत एक दिवस हजेरी घेताना मी नेहमीसारखी चोवीसला थांबले आणि पंचविसावं नाव वाचलं. तेवढ्यात तिसऱ्या ओळीतून आवाज आला.

"बाई, माझं राहिलं."

मी तिच्याकडं बघितलं. ती मांडी सावरून ताठ बसली होती. मी परत मागं गेले, तिचं नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं, आणि मग आडनाव. ते मोठ्यानं वाचताना माझा आवाज जरा फाटला. ती म्हणाली, "हजर बाई." आजीला तिनं हे सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी सांगितलं नाही.

ती पुढं शिकत गेली. आश्रमशाळा, मग तालुक्याचं हायस्कूल. दहावीनंतर जातीचा दाखला हवा होता. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा लागतो. पणजोबाचा शाळा सोडल्याचा दाखला, नाहीतर जमिनीचा उतारा, नाहीतर जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतला कागद. शाळेचं तोंड न बघितलेल्या, जमीन नसलेल्या, पालात जन्मून पालात मेलेल्या माणसाचा असा कागद कुठून आणायचा? तिचा बाप दोन महिने कचेरीच्या पायऱ्या झिजवत होता. मी सोबत जायची. एका कारकुनानं सहज म्हणून सांगितलं, "बाई, जुन्या काळी यांची नावं एकाच ठिकाणी लिहिलेली असायची. पाटलाच्या हजेरीबुकात."

घरी जाऊन मी आईला विचारलं. माझे आजोबा पोलीस पाटील होते. आमचे सगळे मोठेपणाचे किस्से त्यांच्यापासून सुरू होतात. रात्री त्यांच्या एका हाकेवर चावडीपुढं माणसं ओळीनं उभी राहायची, हे वडील अभिमानानं सांगायचे. ती माणसं कोण, हे मी त्या दिवसापर्यंत विचारलं नव्हतं. 'पाटलाचे काळे' या दोन शब्दांच्या पाठीमागं ती रांग उभी होती.

आई म्हणाली, "होत्या ना वह्या. माळ्यावर लाल फडक्यात बांधलेल्या. वाळवी लागली होती. तू आठ-नऊ वर्षांची असशील, दिवाळीच्या आवराआवरीत काढल्या आणि बंबात घातल्या. आठ दिवस तुमच्या आंघोळीचं पाणी त्याच्यावर तापलं."

त्या वह्यांत त्या मुलीच्या पणजोबाचं नाव असेलच असं नाही. ते लोक भीमेच्या दोन्ही काठांनी फिरायचे, आमच्या शिवारातही पालं पडायची, म्हणजे असू शकलं असतं. ज्या वहीनं त्या माणसाला जन्मभर चावडीत उभं केलं, त्याच वहीनं त्याच्या पणतीला कॉलेजचं दार उघडून दिलं असतं. मी ते ऊन पाणी अंगावर घेतलं होतं. उटण्याचा वासही मला आठवतो.

दाखला मिळाला, पण गृहचौकशी वगैरे होऊन वर्ष वाया गेल्यावर.

मी सुधारले असं म्हणायची माझी तयारी नाही. 2023 मध्ये मुलासाठी पुण्यात खोली बघायला गेले. घरमालकीण बाईंनी विचारलं, "काळे म्हणजे?" आणि माझ्या तोंडून गेलं, "नगरकडचे, पाटलाचे." जिना उतरताना मुलगा माझ्याशी बोलला नाही. त्याला हे सगळं ठाऊक आहे, मीच सांगितलेलं आहे. खोली मिळाली होती.

पुढच्या वर्षी 3 ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. शाळेत आम्ही पेढे वाटले, मुलांनी घोषणा दिल्या, मला खरंच भरून आलं. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयानं देशभरातल्या तुरुंगांच्या नियमावल्यांवर निकाल दिला. कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाका, जातीवरून कामं वाटू नका, विमुक्त जमातींकडं जन्माचे गुन्हेगार म्हणून बघणं थांबवा. एका पत्रकार बाईंनी तो खटला नेला होता. मी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये ती बातमी वाचून दाखवली. कुणी काही बोललं नाही. पेढ्यांचा खोका फिरत होता. मी त्या माझ्या विद्यार्थिनीला फोन केला.

ती आता नोकरी करते. कुठं, ते लिहीत नाही. तिनं बातमी वाचली होती. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर म्हणाली, "बाई, हॉस्टेलवर पहिल्या दिवशी मुलींनी विचारलं होतं, कोणते काळे. मी म्हणाले, नगरचे. पुढं काही सांगितलंच नाही. अजूनही नाही सांगत. तुम्ही काय सांगता?"

मला वाटलं होतं, मी तिला धीर देईन. तसं काही सुचेना. मग मी तिला सगळंच सांगितलं. पाटलाचे काळे, चावडी, बंबातल्या वह्या, पुण्याची खोली. मधल्या सुट्टीत मी त्या पोराला दिलेलं उत्तर. आणि पर्स. कपाटात का गेली ते.

ती ऐकत होती. तिकडून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते, ती बहुतेक बसस्टॉपवर उभी होती. मी थांबले तरी ती थोडा वेळ बोलली नाही.

मग म्हणाली, "पर्सचं मला तेव्हाच कळलं होतं बाई."

तिची बस आली होती. रात्री करते म्हणाली, आणि फोन ठेवला. रात्री तिनं फोन केला.